नखुरड्याचा मुळापासून बंदोबस्त

नखुरडं झालंय असं सांगताना जरा ओशाळायलाच होतं. दवाखान्यात शेजारी बसलेला माणूस मणक्याची नाहीतर गुडघ्याची तक्रार घेऊन आलेला असतो आणि आपलं काय, तर पायाच्या अंगठ्याचं नख. पण ज्याला ते झालंय त्याला विचारा. नखाची कडा शेजारच्या मांसात रुतते, मांस सुजतं, सुजलं की कडा आणखी खोल जाते. रात्री पांघरूण अंगठ्यावरून सरकलं तरी डोळ्यांसमोर काजवे चमकतात. माझ्या उजव्या अंगठ्याची, दुसऱ्या बोटाकडची कडा अशी बरेच महिने अधूनमधून डोकं वर काढत होती, आणि शेवटी ती मी कायमची काढून घेतली. छोटं ऑपरेशन म्हणून त्याबद्दल कोणी धड सांगत नाही. जे सांगतात ते इंजेक्शनपाशी थांबतात. नंतरचे आठवडे कसे जातात ते कोणी बोलत नाही, आणि खरं काम तर तिथेच असतं.

आधी घरच्या घरी उपाय केले आणि ते लागू पडले, हे मुद्दाम लिहिते. नुसती लाली आहे, दाबल्यावर दुखतंय, पण पू नाही, अशा वेळी कोणी थेट ऑपरेशनकडे धावत नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बसायला सांगितलं. नख मऊ पडलं की कापसाची अगदी बारीक वात कडेखाली सरकवायची आणि रोज बदलायची, म्हणजे कडा मांसावरून उचललेली राहते. आणि पट्टी. मला सगळ्यात जास्त आराम पट्टीनंच दिला. ताणली जाणारी चिकटपट्टी घ्यायची, तिचं एक टोक नखाला अगदी लागून, सुजलेल्या मांसावर चिकटवायचं, आणि मांस नखापासून दूर ओढत पट्टी तिरकी खाली, अंगठ्याच्या पोटाखालून फिरवून आणायची. नखाला हात न लावता मांस बाजूला करायचं, एवढंच तिचं काम. नीट बसली तर मिनिटभरात ठणका उतरतो. पाय घामेजला की ती सुटते, हा तिचा दोष. माझं काम दिवसभर उभ्यानं करायचं आणि पायात बंद बूट, त्यामुळे दुपारपर्यंत पट्टी मोज्यात गोळा झालेली असायची.

मग एकदा दुखणं पुढच्या पायरीवर गेलं. कडेवर लालबुंद, ओलसर मांसाचा गोळा वाढला. मोजा घासला तरी त्यातून रक्त यायचं. अँटिबायोटिक गोळ्यांनी सूज उतरली, गोळ्या संपल्या, सूज परत आली. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. म्हणाले, "पायात काटा मोडलाय आणि तो तसाच ठेवून आपण गोळ्या खातोय. काटा काढल्याशिवाय हे थांबणार नाही. सर्जनना दाखवा."

सर्जन मॅडमनी पहिल्यांदा अंगठ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी दोन बोटं पावलाच्या वरच्या बाजूला ठेवून नाडी चाचपली. मग घोट्याच्या आतल्या बाजूची नाडी. मग अंगठ्याचं टोक दाबून पांढरं केलं आणि सोडल्यावर रंग किती पटकन परत येतो ते पाहिलं. पातळ नायलॉनचा एक धागा पावलाला जागोजागी टेकवून "कळलं का?" असं विचारत गेल्या. हा धागा साधा दिसतो, पण तो दहा ग्रॅम भाराला वाकेल असाच बनवलेला असतो. तेवढा स्पर्श कळत नसेल तर पायाची संवेदना धोक्याच्या पातळीखाली गेली, असं समजतात. रक्तातली साखर तपासलेली आहे का, रक्त पातळ करणारं काही औषध चालू आहे का, दिवस गेलेत का, बधिर करायच्या औषधाची ॲलर्जी आहे का, हे सगळं झालं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेता का, हेही विचारलं. त्या औषधानंही नखुरडं होऊ शकतं, हे मला तेव्हाच कळलं. एवढ्याशा नखासाठी एवढी चौकशी कशाला, असं वाटलं होतं. त्यांनीच सांगितलं, की अंगठ्याला पट्टा आवळून रक्त थांबवायचं आणि वर रसायनानं मूळ जाळायचं, म्हणजे जखम भरून यायला रक्तपुरवठा चोख हवा. मधुमेह असेल आणि पायाला नीट कळत नसेल, तर असल्या माणसानं घरी नखाची कड कोरायला बसणं हाच खरा धोका.

मग अंगठा. त्यांनी तो समोरून, डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहिला. दोन्ही कडा आत वळलेल्या. "घरात कोणाचं असं नख आहे?" वडिलांचं आहे, हुबेहूब. नखं गोलाकार कापणं, आवळ बूट, घाम, अंगठ्यावर काही पडणं, या सगळ्यांनी नखुरडं होतं. पण मुळात नखाचा घाट असा असेल तर बाकीची कारणं फक्त निमित्त ठरतात.

माझी समजूत होती की आख्खं नख उपटून टाकतात. तसं करतातही, पण त्या म्हणाल्या की मूळ तेच राहिलं तर नखही तेच येतं. शिवाय नवं नख टोकापर्यंत पोचेपर्यंत पुढचं मांस उंचावून बसतं, आणि नख येऊन त्यातच घुसतं. अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. हाताच्या नखाच्या निम्म्याच वेगानं म्हणा. पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष. तेवढं थांबायचं आणि पुन्हा पहिले पाढे. त्याऐवजी रुतणाऱ्या कडेची दोन-तीन मिलिमीटरची उभी पट्टी काढायची आणि तेवढ्याच भागाचं मूळ फिनॉल नावाच्या रसायनानं जाळून टाकायचं. मग तेवढ्या रुंदीचं नख पुन्हा उगवतच नाही. बाकीचं नख जिथल्या तिथे.

इथे मला नखाचा सगळा हिशोब पहिल्यांदा नीट समजला. नख तयार होतं ते मागे, कातडीच्या घडीखाली दडलेल्या मुळात. बुडाशी दिसणारा फिकट अर्धचंद्र हा त्याच मुळाचा पुढे डोकावणारा भाग. तिथून पुढे नख ही केराटिन नावाच्या कठीण प्रथिनाची नुसती सरकत जाणारी चकती आहे, तिच्यात जीव नाही. म्हणून नखाच्या पुढच्या टोकाला मधोमध इंग्रजी व्हीसारखी खाच पाडली की कडा मध्ये ओढल्या जातात, हा जो सल्ला पिढ्यान् पिढ्या दिला जातो, त्यात काहीही तथ्य नाही. पुढे काय कापलंय हे मुळाला कळायचा मार्गच नाही. खाच पाडून फक्त मोजे फाटतात. टोकाशी केलेल्या सगळ्या उपायांनी, वातीनं आणि पट्टीनंसुद्धा, वेळ मिळतो. घाट मुळातच ठरलेला असेल तर निकालही मुळाशीच लागतो.

फिनॉल म्हणजे कार्बोलिक आम्ल. १८६५ साली ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर या सर्जननं हाड मोडून उघड्या पडलेल्या पायाच्या जखमेवर जंतू मारायला हेच लावलं होतं. नखाचं मूळ मारण्यासाठी त्याचा वापर १९४५ च्या सुमारास सुरू झाला आणि अजून टिकून आहे. नखाची नुसती पट्टी काढण्यापेक्षा ती काढून फिनॉल लावलं तर नखुरडं परत येण्याचं प्रमाण कमी, असं अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यातही आहे. गरोदरपणात मात्र ते टाळतात. मी हे सगळं वाचून गेले होते. वाचनानं भीती कमी होते असं म्हणतात, माझी झाली नाही. पण प्रश्न विचारायला हुरूप आला.

ऑपरेशनच्या दिवशी उपाशी राहायचं नव्हतं. पुढून पूर्ण उघडी चप्पल घालून या आणि घरी न्यायला कोणीतरी असू द्या, एवढंच सांगितलं होतं. टेबलावर पडले, पावलाला आयोडिन फासलं, हिरव्या कापडातून फक्त अंगठा बाहेर.

इंजेक्शनबद्दल खोटं बोलत नाही, दुखतं. सुई नखात नसते, अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना देतात, कारण अंगठ्याला संवेदना पोचवणाऱ्या नसा तिथून जातात. टोचणं सोसवतं. औषध आत शिरताना आग होते आणि अंगठा फुगून फुटणार असं वाटतं. मॅडम सावकाश देत होत्या. सावकाश दिलं की आग कमी होते. सिस्टर म्हणाल्या, "ताई, श्वास सोडा, धरून नका ठेवू." मी टेबलाची कड पकडली होती ती सोडली. पहिल्या बाजूनंतर दुसरी बरीच सोपी गेली. मग लिडोकेन, म्हणजे ते बधिर करणारं औषध, चढेपर्यंत सगळे थांबले. या थांबण्याला फार महत्त्व आहे. त्यांनी टोकदार चिमट्यानं टोचून पाहिलं, मला दाब कळला, टोक कळलं नाही. बधिर अंगठ्यालाही ओढल्याचं, दाबल्याचं कळतं, फक्त दुखत नाही. हे आधी माहीत नसेल तर माणूस "भूल उतरली!" म्हणून ओरडतो.

मग अंगठ्याच्या बुडाशी रबरी पट्टा. यावर मी वाचून ठेवलं होतं. बोटाला बांधलेला पट्टा चुकून ड्रेसिंगखाली तसाच राहून गेल्याच्या घटना घडल्या होत्या आणि ब्रिटनमध्ये २००९ साली त्याबद्दल खास सूचना काढावी लागली होती. मी विचारलं, पट्टा काढलेला मला कसा कळेल? मॅडमना राग येईल असं वाटलं होतं. त्यांनी भडक रंगाचा पट्टा मला दाखवला, फळ्यावर वेळ लिहायला लावली आणि म्हणाल्या, "काढला की तुमच्या हातात देते."

मला बघायचं होतं, म्हणून डोक्याखाली उशी घेतली. एक चपटं अवजार नखाच्या कडेखाली पुढून मागे सरकलं आणि नख तेवढ्या रुंदीत उचललं गेलं. मग लहानशा पकडीसारख्या कात्रीनं नख उभं कापत बुडाशी असलेल्या कातडीच्या घडीखालपर्यंत नेलं. कर्र असा आवाज येतो, तो अंगावर येतो. शेवटी सरळ चिमट्यात ती पट्टी धरून त्यांनी नखाच्या मध्याकडे गुंडाळत वळवली आणि ओढली. मी वर जे पाहत आले होते ते हिमनगाचं टोक होतं. बाहेर आलेली पट्टी दिसणाऱ्या नखापेक्षा कितीतरी लांब होती. मागचं टोक पातळ, मऊ, पांढरट, आणि पुढे, जिथे दुखायचं तिथे, बाजूला निघालेला एक बारीक अणकुचीदार काटा. तो त्यांनी गॉझवर ठेवून दाखवला. एवढ्यानं मला इतके महिने नाचवलं होतं. मागचा कोपरा पूर्ण आलाय का, हे त्यांनी पट्टी उलटसुलट करून तपासलं. तो तुटून आत राहिला तर नखाचा तुकडा पुन्हा उगवतो. वाढलेलं मांस त्यांनी खरवडून काढलं.

मग फिनॉल. आजूबाजूच्या कातडीला पेट्रोलियम जेली लावून घेतली, जागा कोरडी केली, कारण रक्तात मिसळलं की फिनॉलचा जोर जातो. पट्टा त्यासाठीच असतो. भिजवलेला बारीक बोळा त्या खाचेत, मागे मुळापर्यंत घालून फिरवायचा, बदलायचा, पुन्हा फिरवायचा, असं सगळं मिळून तीनेक मिनिटं. खोलीत जुन्या कार्बोलिक साबणाचा वास पसरला. कातडी पांढरट पडली. दुखलं काहीच नाही, आणि फिनॉल नसांची टोकंही बधिर करतं म्हणून भूल उतरल्यावरही कमी दुखतं, हे त्यांनी सांगितलं. मग स्पिरिटनं धुवून काढलं, पट्टा सोडला, माझ्या हातात दिला, आणि पांढरा पडलेला अंगठा बघता बघता गुलाबी झाला. मलम, न चिकटणारी जाळी, गॉझ, वर भरपूर बँडेज. टाके नाहीत.

त्या दिवशी पाय उंचावर ठेवून पडून राहिले. भूल उतरली तेव्हा ठणका लागला, साध्या पॅरासिटामॉलनं भागला. अँटिबायोटिक दिलं नाही. काटा गेला की जंतूंचा आसरा गेला, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं ठरलं. बँडेजमधून थोडं रक्त बाहेर दिसलं तर घाबरू नका, पण बँडेज भिजून गळायला लागलं तर या, असं कागदावर लिहून दिलं होतं.

इथून पुढचे आठवडे. पहिलं ड्रेसिंग काढताना ते वाळून चिकटलेलं असतं. ओढायचं नाही, कोमट पाण्यात बुडवून ठेवायचं, आपोआप सुटतं. आतलं दृश्य बघून माझ्या पोटात गोळा आला. नखाच्या बाजूला एक खोल चर, त्यात पिवळसर चिकट थर, कडेला काळपट डाग. मला वाटलं, पिकलं. तसं नव्हतं. फिनॉलची जखम म्हणजे रासायनिक भाजल्याची जखम, ती पाझरतेच. पिवळट, पातळ, जवळजवळ वास नसलेलं पाणी दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त येतं. जंतू झाले हे कसं ओळखायचं, तर दुखणं पहिल्या काही दिवसांनंतर कमी व्हायच्याऐवजी वाढतं, लाली अंगठ्यावरून पावलाकडे सरकते, घट्ट पू येतो, ताप येतो. मला यातलं काही झालं नाही. तरी एकदा फोटो काढून पाठवला. "छान चाललंय," असं उत्तर आलं. त्या फोटोला छान म्हणणारं माणूस सर्जनच असू शकतं.

रोजचं काम ठरून गेलं होतं. सकाळी कोमट मिठाचं पाणी, स्वच्छ गॉझनं टिपून कोरडं करणं, बोटांच्या बेचक्यासुद्धा, मग न चिकटणारी जाळी आणि छोटी पट्टी. बोटांमध्ये ओल राहिली तर चिखल्या होतात आणि एक निस्तरेपर्यंत दुसरं सुरू होतं. चरातली खपली कोरायची नाही. जखम आतून बाहेर भरत येते, वरून बंद झाली आणि आत ओल राहिली तर त्रास. कंटाळा येतो, हे खरं. दुखत नसतं, चालता येत असतं, पण ओलं थांबत नसतं. त्या टप्प्यावर लोक ड्रेसिंग सोडून बंद बुटात पाय घालतात. मी कामावर लवकर गेले, पण उघड्या चपलेत, वर मऊ मोजा. पळणं आणि पोहणं जखम पूर्ण कोरडी होईपर्यंत बंद.

हळूहळू चर भरला, कडेला नवी कातडी आली. आता नख डाव्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं अरुंद आहे. शेजारी शेजारी ठेवून दाखवलं तरच कोणाच्या लक्षात येतं. ती बाजू दाबली तर काही होत नाही. पहिले काही आठवडे मी दिवसातून कितीदा तरी ती उगाच दाबून पाहायचे.

बूट मात्र बदलले. मॅडमनी सांगितलेली युक्ती सोपी आहे. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभं राहून पावलाची रेघ काढायची आणि त्यावर बूट ठेवायचा. बुटाबाहेर रेघ दिसली तर तेवढं पाऊल आपण रोज कोंबतो. माझ्या एका आवडत्या जोडीबाहेर दोन्ही बाजूंनी रेघ दिसली. लांबीचा अंक बरोबर होता, रुंदी नव्हती, आणि रुंदीबद्दल दुकानात कोणी विचारत नाही. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठाभर जागा हवी, आणि ते लांब बोट दरवेळी अंगठाच असतं असंही नाही.

डाव्या अंगठ्याच्या कडाही आत वळलेल्या आहेत. एकाच वेळी दोन्ही करून टाका असं मीच म्हटलं होतं, मॅडमनी नकार दिला. जे दुखत नाही त्याला हात लावायचा नाही, असं त्यांचं स्पष्ट मत. ते नख मी सरळ कापते, कोपरे मांसाच्या पुढे दिसतील इतके ठेवते आणि फक्त कानशीनं बोथट करते. कुरबुर जाणवली की रात्री पट्टी लावते. ते दुखायला लागलं तर तेही काढून घेईन. फक्त उभ्यानं काम नसलेला आठवडा बघून.